कंपनी बातमीत येते तेव्हा

चि. सोनू हिला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहिते आहे. तुमच्या कंपनीतल्या नोकरकपातीची बातमी आम्ही दोघांनी वाचली. पत्रकारांशी कुणी बोलायचं नाही, असा एचआरचा मेल आला आणि त्याच दुपारी मॅनेजरनं ‘आमच्याकडे किती छान वातावरण आहे’ अशी पोस्ट लिंक्डइनवर टाकायला सांगितली. वर एका वार्ताहराचा मेसेज. तू विचारलंस, आई, मी काय करू?

मला २०१९ चा सप्टेंबर आठवतो. रिझर्व्ह बँकेनं पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील असं जाहीर झालं. शाखांसमोर गर्दी लोटली आणि गर्दीमागोमाग वाहिन्यांचे कॅमेरे आले. मी आयुष्यभर दुसऱ्या एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसले, त्यामुळे ते सगळं टीव्हीवर बघताना पोटात कालवायचं. घोटाळा झाला होता वरच्या पातळीवर. एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के रक्कम एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे अडकली होती आणि ते लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. पासबुक भरून देणाऱ्या मुलीला हे हिशेब कुठून दिसणार? पण लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकले होते, आणि राग काढायला समोर तीच होती. ठेवीदारांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कॅमेरा पहिल्यांदा शाखेच्या दारातच पोचतो आणि दारात जो सापडतो तोच बँक ठरतो, हे मी तेव्हा नीट पाहिलं.

म्हणून प्रसिद्धीच वाईट, असं मात्र समजू नकोस. २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंग या ऑडिट कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात मार्चमध्ये लागलेली २६ वर्षांची सीए मुलगी जुलैमध्ये वारली. तिच्या आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याबद्दल आणि अंत्यविधीला ऑफिसातलं कुणीच न आल्याबद्दल. सप्टेंबरमध्ये ते पत्र सगळीकडे पोचलं. मग कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले, आणि २००७ पासून चालू असलेल्या त्या जागेची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती असं आढळलं. तेव्हा दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालणारा तोच कायदा. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. त्या आईचं पत्र छापून आलं नसतं, तर तेव्हाही कुणी विचारलं नसतं. मी ते पत्र वाचून रात्रभर जागी होते, तुला आत्ताच सांगते आहे.

तर, ती कौतुकाची पोस्ट टाकू नकोस. ज्यांना काढलं त्यात तुझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आहे, ती ते वाचणार आहे. कुणी फारच मागे लागलं तर ‘मी वैयक्तिक खात्यावर ऑफिसबद्दल लिहीत नाही’ एवढंच सांग. कंपनीला शिव्या देणारी पोस्टही नको, कारण तिचा स्क्रीनशॉट तुझ्या पुढच्या मुलाखतीत तुझ्याआधी पोचेल.

वार्ताहरावर राग धरू नकोस, तो त्याचं काम करतोय. बोलायचंच ठरवलंस तर आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाच. नाव छापायचं की नाही, हे बोलण्याआधी ठरवून घे, नंतर नाही. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, कँटीनमध्ये ऐकलेलं नको.

खरंच कुणाकडून जबरदस्तीनं राजीनामा लिहून घेतला जात असेल, तर तारीख-वेळ घालून लिहून ठेव. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तक्रारीची अंतर्गत सोय ठेवावी लागते. तुमच्याकडे ती कुणाकडे आहे ते शोध. कामगार आयुक्तांचं कार्यालयही आहे. खाजगी नोकरीत तक्रार करणाऱ्याला मिळणारं संरक्षण तोकडं आहे, हे मला माहीत आहे, म्हणून एकटीनं पुढे होऊ नकोस. दोघी-तिघी मिळून जा.

शनिवारी येशील तेव्हा ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक काढून आण. बाबा आणि मी बसून बघतो.

तुझी,
आई