रात्री घाटातून येऊ नकोस

तळेगाव दाभाडे

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा रागाने फोन ठेवलास, म्हणून लिहिते आहे. फोनवर मला नीट सुचत नाही.

तोल गेला म्हणून इथल्या वृद्धनिवासातल्या माझ्या न्हाणीघरातली लाल दोरी धरली, एवढंच झालं. ती ओढली की खाली घंटा वाजते. दोन मिनिटांत नर्स आणि मावशी दारात. गुडघा फक्त खरचटला होता. पण नियमाप्रमाणे त्यांनी तुला कळवलं आणि तू रात्री दीडला, तसल्या पावसात ठाण्याहून निघालास. पहाटे दार उघडलं तर तू, शर्ट उलटा घातलेला. मग गुडघा कुठला आठवतोय!

म्हणालास, "तिथे एकटी कशाला राहतेस?" अरे, तुमच्या चौदाव्या मजल्यावर सकाळी नऊ ते रात्री आठ मी एकटीच असते ना? इथे आठपर्यंत कडीची दुधाची पिशवी आत गेली नाही, तर जाणारा-येणारा बेल वाजवतो. साठेवहिनी त्यामुळेच वाचल्या. तुझ्यापासून लपवत नाही, जेवणघरात आमच्या टेबलावरच्या सहापैकी दोन खुर्च्या या वर्षी रिकाम्या झाल्या. त्या दिवशी घास उतरत नाही. तरी संध्याकाळी आम्ही भजनाला बसतोच.

पण घाटात धुकं, ट्रक, त्यात तुझी अर्धवट झोप. बीपी आहे, जेवणाला वेळ नाही. बाबाही असंच "काही होत नाही" म्हणायचे. बघ, पुन्हा सुरू झाले. चुकलं माझं. पन्नाशीच्या मुलाला किती सांगायचं! नर्स म्हणाली, "मुलगा लगेच आला हो." मला किती बरं वाटलं, आणि तेवढीच भीतीही.

लहानपणी तुला घाट लागायचा. अमृतांजन पूल दिसला की मी लिंबू तुझ्या नाकाशी धरायची. २०२० मध्ये तो पूल पाडला, तरी तिथून जाताना माझा हात पिशवीतच जातो.

पंच्याहत्तरी झालेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही. श्रावणात मीच येते, दिवसाउजेडी. निमूला सांग, पुरणाचं मी बघेन. आणि तुला यायचंच असेल तर उजाडल्यावर नीघ.

बाबांचा सदरा घालून गेलास, तुझा शर्ट इथेच राहिला. धुऊन ठेवलाय. खिशात गोळ्यांची पट्टी होती. एकही गोळी काढलेली नव्हती रे.

तुझी,
आई