वंशावरच्या द्वैभाषिक दालनाची निविदा काढण्यापूर्वी

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मानवी वंश या विषयावर संग्रहालयात दोन भाषांतले दालन उभे करायचे असेल, तर पहिली दुरुस्ती निविदेतच करा. अशा कामांत भाषांतर सहसा शेवटच्या टप्प्यात येते. तोवर फलकांची मापे ठरलेली असतात आणि छपाई तोंडावर आलेली असते. दुसऱ्या भाषेतला मजकूर वीस-तीस टक्के लांबला, की अक्षर बारीक होते किंवा वाक्ये छाटली जातात. छाटणीत आधी जातात ते ‘सरासरीने’, ‘बहुतेक’, ‘या नमुन्यापुरते’ असे शब्द. इतर विषयांत हे एक वेळ खपेल, पण इथे ‘सरासरीने’ गळाले की शास्त्रीय विधानाचा पूर्वग्रह होतो.

म्हणून दोन्ही भाषांचे लेखक पहिल्या दिवसापासून नेमा. दोघांनी एकाच तथ्यपत्रकावरून लिहावे, कोणत्याच भाषेला ‘मूळ’ म्हणू नये. मुख्य फलकावर प्रत्येक भाषेत साठ-सत्तर शब्द पुरेत. देवनागरीत वरखाली मात्रा असतात, त्यामुळे ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. तेवढी जागा आराखड्यातच धरा. दोन्ही भाषांची अक्षरे दिसायला सारखीच ठळक हवीत. भाषा वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून रंग वापरणार असाल, तर निदान त्वचेच्या छटा नकोत. हसू येईल, पण घाईच्या आराखड्यात हेही घडू शकते.

सुरुवात त्वचेच्या रंगापासून करावी. ‘वंश हे जैविक वास्तव नाही’ हे वाक्य दारातच लावले, तर ‘मला फरक दिसतो की’ असे म्हणून प्रेक्षक पुढे निघून जातो. आधी फरक मान्य करा, मग त्याचे कारण सांगा: गडद त्वचा तीव्र अतिनील किरणांपासून शरीरातले फोलेट (एक ‘ब’ जीवनसत्त्व) जपते, तर फिकी त्वचा कमी उन्हातही ‘ड’ जीवनसत्त्व बनवू देते. विषुववृत्तापासून दूर जाताना रंग हळूहळू बदलतो, मध्ये कुठे रेघ नसते. त्वचेचा रंग ताडून पाहण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ फोन लुशान याने केलेली ३६ काचतुकड्यांची मोजपट्टी मिळाली तर जरूर ठेवा. तिच्यावरची मोजणी पाहणाऱ्यागणिक बदलत असे, हेच तिथे सांगण्यासारखे आहे. या भागातले दिवे रंग नीट दाखवणारे (रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे CRI, ९०च्या वर) असावेत आणि छायाचित्रांचे छपाई-नमुने त्याच दिव्यांखाली तपासावेत. नाहीतर सावळे चेहरे काळवंडलेले छापले जातात आणि दालनच आपल्या म्हणण्याला खोटे पाडते.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२मध्ये दाखवले, की मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडते. हे शंभर मण्यांनी दाखवणे सोपे आहे, पण मणी पाहून लोक ‘८५ टक्के माणसे’ असे वाचतात. ‘विविधतेपैकी’ हा शब्द दोन्ही भाषांत मण्यांना चिकटूनच हवा.

जुनी चित्रे अधिक धोक्याची. जर्मन वैद्य ब्लूमेनबाखने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली माणसांची पाच गटांतली विभागणी भिंतभर लावली, तर लोक तिचाच फोटो काढतात आणि खुलासा मागे राहतो. चित्र लहान ठेवा, खुलासा चौकटीच्या आत छापा. मानवी अवशेष किंवा देहाचे साचे मांडूच नका. युरोपात प्रदर्शनाची वस्तू म्हणून दाखवल्या गेलेल्या दक्षिण आफ्रिकी स्त्री सारा बार्टमन यांचे अवशेष पॅरिसहून दक्षिण आफ्रिकेत परत जायला २००२ उजाडले. ही हकीकत शब्दांत पुरेशी पोचते.

स्पर्शपडद्यावर भाषा बदलली तर तेच पान उघडे राहिले पाहिजे. बटण दाबताच पडदा पहिल्या पानावर गेला, तर वेगवेगळी भाषा वाचणाऱ्या दोन पिढ्यांनी मिळून वाचणे तिथेच थांबते.

छपाईआधी पूर्ण मापाचे कागदी फलक भिंतीवर चिकटवून प्रत्येक भाषेच्या पंधरा-वीस वाचकांकडून तपासून घ्या. वाचक एकच भाषा वाचणारे हवेत. दोन्ही जाणणारा माणूस एकीतली उणीव दुसरीतून नकळत भरून काढतो. ‘आवडले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘यात काय म्हटले आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारा. दोन भाषांतली उत्तरे वेगळी आली, तर फलक परत लेखकांकडे जावा. या चाचणीसाठी आणि नंतरच्या फेरबदलांसाठी निविदेत स्वतंत्र खर्चशीर्ष असावे. चाचणीच्या अहवालावर दोन्ही लेखकांची सही झाल्याशिवाय छपाईचा आदेश निघू नये, ही अटही तिथेच घालावी.

आपले नम्र,
प्रदर्शनांचे लेखन व मांडणी करणारे