अदिती, टीव्हीवर काहीच दिसत नाही गं

जर्सी सिटी
६ एप्रिल २०२५

प्रिय अदिती,

तुझे मिस्ड कॉल दिसले, मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच तोडतेस, मग मी भलतीकडेच जाते, आणि हे मला नीट सांगायचंय. आज रामनवमी आणि रविवार एकत्रच आलेत, सुंठवडा खाऊन झालाय, नवरा घोरतोय, तर बसले लिहायला. लांबण लागणार आहे, चहा करून घे आधी.

तर बॉस्टनची फिगर स्केटिंगची वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक स्पर्धा, बघून आले. २५ ते ३० मार्च, टीडी गार्डन. आणि मला पहिली गोष्ट तुला ही सांगायची आहे की आपण एवढी वर्षं लॅपटॉपला चिकटून जे बघितलं ना त्यात अर्धं स्केटिंग गायबच होतं. कॅमेरा स्केटरबरोबर पळतो, त्यामुळे आपल्याला काय दिसतं तर बाई मधोमध आणि मागच्या जाहिराती सरकतायत. वेग कळतच नाही! इथे वरून अख्खा रिंक दिसतो, साठ मीटर लांब, आणि जपानची काओरी साकामोतो नुसती तीनचार ढकल्यांत या टोकाची त्या टोकाला पोचते, ते पण काही जोर लावलाय असं न दाखवता, आणि त्याच वेगात सरळ उडीत शिरते. आपण म्हणायचो ना की तिच्या उड्या मोठ्या आहेत, अगं मोठ्या म्हणजे किती, ती हवेतून जाते तेव्हा खालून कितीतरी बर्फ मागे जातो. टीव्हीवर ती वर जाऊन खाली आल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती लांब जाते.

दुसरं म्हणजे आवाज. टीव्हीवर म्युझिक आणि त्या कॉमेंटेटरची बडबड, त्यात पात्याचा आवाज कोण ऐकणार. पहिले दोन दिवस मी पार वर होते, मग शुक्रवारी एका बाईंना परत जायचं होतं म्हणून त्यांची खालची सीट मला मिळाली, रिंकच्या कठड्यापासून थोड्याच रांगा मागे. तिथे कळलं. स्केटर खोल एजवर, म्हणजे पात्याच्या कडेवर झुकून, वळली की साडीच्या दुकानात फॉलचं कापड टर्रकन फाडतात ना तस्सा आवाज येतो, एकसलग. आणि ज्यांचं स्केटिंग कच्चं असतं त्यांचा आवाज वेगळा, खरवडल्यासारखा, तुटक. मी डोळे मिटून बघितलं (बघितलं म्हणजे ऐकलं), आणि शप्पथ, कोण चांगलं स्केट करतंय ते नुसत्या कानाने कळायला लागलं. लुट्झ किंवा फ्लिप प्रकारची उडी घ्यायच्या आधी टो पिक, म्हणजे पात्याच्या टोकाचे दाते, बर्फात घुसते तेव्हा ठक्क असा आवाज, मग काहीच नाही, आणि मग लँडिंगचा खर्रर्र. मधलं ते "काहीच नाही" अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं असतं पण तेवढ्यात सगळे लोक श्वास धरतात.

आणि गुडघे! तुझ्या चिऊला सांग, रोलर स्केट्सवर तिला शिकवणारी ताई दिवसभर "गुडघे वाकव, गुडघे वाकव" करते ना, ती बरोबरच सांगते. जपानची पोरं उडीवरून उतरताना गुडघा इतका मऊ सोडतात की वेग तुटतच नाही, उलट उतरून जास्तच पळतात. हेच ते स्केटिंग स्किल्सचे मार्क, ज्याच्यावरून आपण भांडायचो की हे जज लोक कुठून काढतात. आता नाही भांडणार. बरं सोची ऑलिंपिकचं मात्र मी अजून विसरले नाहीये, युना किमला सिल्व्हर दिलं तेव्हा तू माझ्या पलंगावर उशी आपटत होतीस, त्या बाबतीत माझं मत तेच आहे.

जागा सांगते. टीडी गार्डन म्हणजे नॉर्थ स्टेशनच्या डोक्यावरच, ट्रेनमधून उतरायचं आणि जिन्याने वर. छताला सेल्टिक्स आणि ब्रुइन्सच्या बॅनर्सची रांगच्या रांग लटकलेली, बास्केटबॉल आणि हॉकीवाल्यांचं देऊळ ते, आणि त्याच्याखाली सहा दिवस सगळीकडे बायका, आज्या, पोरी, झेंडे, हाताने शिवलेली बॅनर्स. माझ्या बाजूला ओसाकाच्या एक काकू होत्या. इंग्लिश यथातथा, माझं जपानी शून्य, पण त्यांच्याकडे स्टार्ट ऑर्डरचा कागद आणि पेन्सिल, प्रत्येक एलिमेंटला बारीक खूण करायच्या, आणि निकाल लागला की कागद माझ्यापुढे धरायच्या: बघ, मी म्हटलं होतं. आमचं गुगल ट्रान्सलेटवर मैत्रीचं चाललेलं. चारही प्रकार (बायका, पुरुष, पेअर्स म्हणजे जोड्या, आणि आईस डान्स), सगळे शॉर्ट म्हणजे पहिल्या फेरीचे छोटे प्रोग्राम, सगळे फ्री म्हणजे दुसऱ्या फेरीचे मोठे, त्यांनी एक मिनिट सोडलं नाही, मी मात्र दुपारी जाऊन नूडल्स खाऊन आले.

पण बुधवारचं सांगायलाच हवं. तुला आठवत असेल जानेवारीतलं, मी रात्री तुला मेसेज केला होता. २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं, ६७ जण गेले, त्यातले २८ स्केटिंगमधले. विचिटाला नॅशनल्स झाल्यावर लहान पोरांचा कँप होता, तो संपवून परत येत होते. पोरं, त्यांचे आईबाप, कोच. एकट्या बॉस्टनच्या क्लबमधले सहा. त्यात शिश्कोवा आणि नाउमोव, १९९४चे पेअर्सचे वर्ल्ड चँपियन, जे तिथे शिकवायचे. त्यांचा मुलगा मॅक्सिम त्याच नॅशनल्समध्ये चौथा आला होता. आणि दोन महिन्यांनी वर्ल्ड्स त्याच गावात. बुधवारी संध्याकाळी श्रद्धांजली झाली. मला वाटलं होतं भाषणं असतील, आपल्याकडे असतात तशी, संपेपर्यंत लोक मोबाईल बघतात. इथे एवढं मोठं हॉकीचं स्टेडियम आणि चिटपाखरू हललं नाही. माझ्या पुढच्या रांगेत क्लबची जॅकेटं घातलेल्या दहाबारा वर्षांच्या मुली होत्या, एकीने दुसरीचा हात धरला होता आणि दोघी सरळ समोर बघत होत्या, रडत नव्हत्या. त्यांच्याकडे बघून मीच रडले. मग पेअर्सचा शॉर्ट सुरू झाला. तसंच असतं बहुतेक, बर्फ सपाट करणारी झँबोनी गाडी फिरते आणि पुढचा ग्रुप वॉर्मअपला येतो.

आता अलिसा लिऊ. हे तुला ऐकायचंच होतं, माहितीय मला.

तू म्हणायचीस ना की ही पोरगी लवकरच थकून संपणार. १३व्या वर्षी अमेरिकेची नॅशनल चँपियन, २०२२ला बीजिंग ऑलिंपिकला सहावी, त्याच सीझनला वर्ल्ड्सला ब्राँझ, आणि मग सोळाव्या वर्षी रिटायर! सोळाव्या वर्षी आपण सीईटीच्या क्लासला जात होतो. स्केट्स ठेवून दिले, एव्हरेस्ट बेस कँपला जाऊन आली, कॉलेज घेतलं, आणि एकदा स्कीइंगला गेली तर तो घसरण्याचा वेग परत अंगात भिनला, म्हणून परत आली. पण म्हणाली, या वेळी गाणी माझी, कपडे माझे, ट्रेनिंग माझ्या मनासारखं. हे मी वाचलं होतं तेव्हा मला वाटलं होतं ठीक आहे, मुलाखतीत सगळेच असं बोलतात.

बुधवारी दुपारी शॉर्टला लिऊ ७४.५८, पहिली. मला तेव्हाही वाटलं फ्रीमध्ये साकामोतो येईलच वर, तीन वर्षं सलग वर्ल्ड चँपियन, चौथं झालं असतं तर १९६० नंतर कोणाला जमलं नव्हतं ते, आणि ती शॉर्टला पाचवी असली तरी फरक तो काय, साडेतीन मार्क. शुक्रवारी फ्रीला साकामोतोने खरंच भारी केलं. ओसाकाच्या काकू उभ्या, मी उभी. मग शेवटची लिऊ. सोनेरी ड्रेस, केसांत आडवे पट्टे रंगवलेले, आणि सत्तरच्या दशकातलं डिस्को.

अगं ती घाबरलीच नव्हती. म्हणजे सगळ्या स्केटर घाबरलेल्या असतात आणि ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत, हिच्या चेहऱ्याखाली काही दडवलेलंच नव्हतं. माझ्या बाजूने ती गेली तेव्हा मी तोंड बघितलं, लग्नाच्या वरातीत नाचताना आपली मावशी दिसते तितकी खुशीत होती. एकेक ट्रिपल (तीन गिरक्यांची उडी) पडत गेली, पडत गेली म्हणजे लागत गेली, आणि अर्ध्यावर म्युझिक उडतं झालं तसे लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले, मग कोणी थांबवणार कसं. शेवटचा स्पिन संपायच्या आधीच आख्खं स्टेडियम उभं. मला तर शेवटचे काही सेकंद पुढच्या माणसाच्या टोपीच्या मागूनच दिसले.

आणि गंमत बघ, मला मार्कांची आठवणच झाली नाही. लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात मार्कांचा तो हिरवा-पिवळा-लाल डबा असायचा, आपण त्याच्याकडेच जास्त बघायचो, "रिव्ह्यूमध्ये गेली, कापणार हिचे". इथे मी फोन पर्समध्ये टाकला होता. २२२.९७ आलं तेव्हा काकूंनी कागदावर बेरीज करून माझ्याकडे बघून मान हलवली, बरोबर आहे म्हणून, आणि त्यांची साकामोतो हरली होती तरी. साकामोतो २१७.९८, मोने चिबा तिसरी. २००६ला किमी माइसनर जिंकली होती, त्याच्यानंतर अमेरिकेची पहिलीच. आणि एक बघ, आता सीनियरला वय सतरा लागतं, त्यामुळे त्या चौदा-पंधराच्या पोरी क्वाड, म्हणजे चार गिरक्यांच्या उड्या, मारून दोन वर्षांत नाहीशा व्हायच्या तो प्रकार बंद. अँबर ग्लेन पंचविशीची आहे, शॉर्टला नववी होती, पाचवी आली. मला हा नियम आवडतो. तुला नाही आवडत, माहितीय, पण तू एकदा या मोठ्या बायकांना समोर बघ.

बाकीचं पटपट सांगते. पेअर्समध्ये मिउरा-किहारा जिंकले ०.७१ने, जर्मनीची जोडी मागे, काकूंची पेन्सिल मोडली त्या टेन्शनमध्ये. आईस डान्सला चॉक-बेट्स सलग तिसऱ्यांदा, आणि ब्रिटनच्या फिअर-गिब्सनला ब्राँझ, टॉर्विल-डीनच्या १९८४ नंतर त्यांच्या देशाला वर्ल्ड्सचं मेडलच नव्हतं.

पुरुषांत जिंकलेल्या अमेरिकेच्या मॅलिनिनबद्दल मात्र मी जरा उलट बोलणार आहे. ३१८.५६, दुसऱ्याच्या ३१ मार्क पुढे, आणि क्वाड अ‍ॅक्सेल मी या डोळ्यांनी बघितली. तो पुढे तोंड करून उडतो, साडेचार गिरक्या, वर गेल्यावर वाटतं हा आता खाली येणारच नाही. बॅकफ्लिपला, म्हणजे मागे मारलेल्या कोलांटीला, तर लोक किंचाळले (आता परवानगी आहे, आधी मार्क कापायचे). सगळं खरं. पण माझ्या डोक्यात त्याच्याहून जास्त राहिला तो कझाकस्तानचा मिखाइल शायदोरोव. तुला त्यांचाच स्केटर डेनिस टेन आठवतो? २०१८ला अल्माटीत मारला त्याला, तू दोन दिवस नीट बोलली नव्हतीस. त्याच्यानंतर कझाकस्तानला वर्ल्ड्सचं मेडल थेट या पोराने आणलं, सिल्व्हर. हा ट्रिपल अ‍ॅक्सेलला जोडून, मध्ये युलर नावाची एक छोटी जोडउडी टाकून, क्वाड सालको मारतो. कॉम्बिनेशनच्या शेवटी क्वाड! माणसं क्वाड आधी उरकतात, दमायच्या आत. जपानचा युमा कागियामा फ्रीमध्ये गडबडला आणि तिसरा गेला, बिचारा, पण त्याच्या एजेसचा आवाज सगळ्या पुरुषांत सगळ्यात सुरेख, हे माझं आणि काकूंचं एकमत.

हो, आणि थंडी वाजते गं आत! मी आपली वेड्यासारखी कुर्ता आणि पातळ जॅकेट घालून गेले. शाल लागतेच, पायमोजे जाड, आणि बसायला काहीतरी घेऊन जायचं, खुर्च्या दिवसभर बसायच्या नाहीत त्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सकाळी हॉटेलवर खाऊन निघायचे, नाहीतर आतल्या पिझ्झाला पैसे मोजून जीव जातो.

आता कामाचं. पुढची वर्ल्ड्स मार्च २०२६ला प्रागला आहेत. तुला शेंगेन व्हिसा काढावा लागेल, चिऊची परीक्षा मार्चमध्ये असते का ते बघ, आणि आई आठवडाभर तिला सांभाळतील का ते विचार. सगळ्या दिवसांचं ऑल-इव्हेंट तिकीट नको, आपण दोघी फ्रीचे दोन दिवस आणि एखादा शॉर्ट घेऊ, पण खालच्या रांगेतलं घेऊ, बाकी खर्च कुठेही कापता येईल. ओसाकाच्या काकू येणार आहेत, त्यांनी पत्ता दिलाय. तिकिटं निघाली की मी थांबणार नाही, तेव्हा हो की नाही ते या आठवड्यात कळव, आणि या वेळी तू फोन कर, मी उचलते.

तुझी,
रेवा