कपडेपटातल्या पेट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी मालिकांतल्या 'पिवळ्या मुंबई'वरचा लेख वाचला. त्यांच्या कॅमेऱ्याला आपलं शहर कायम धुळकट आणि पिवळंच का दिसतं, हा लेखकाचा राग रास्त आहे. पण यामागे आपल्याला हिणवण्याचा कट आहे, हे काही पटलं नाही. मी ३१ वर्षं गोरेगावच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या स्टुडिओंत ड्रेसदादा म्हणून काम केलं. कट शिजताना कधी पाहिला नाही. घाई मात्र रोज पाहिली.

आमच्या कपडेपटात पत्र्याच्या पेट्या असायच्या. त्यांवर खडूने लिहिलेलं: 'अरब', 'चिनी', 'नेपाळी वॉचमन', 'गोरे – लाल कोट'. कोऑर्डिनेटर कुलाब्याहून फिरायला आलेली गोरी पोरं उचलून आणायचा. रशियन असो की इस्रायली, सकाळी ९च्या शिफ्टला सगळे इंग्रज शिपाई. मणिपूरच्या एका कॉलेजच्या पोराला मी स्वतः चिनी सैनिकाचा कोट चढवलाय. बटणं लावता लावता तो म्हणाला, "दादा, म्हणजे मी आपल्याच लोकांवर गोळ्या झाडायच्या?" मी त्याच्यापुढे टोपी धरली.

नेपाळ्याची पेटी सगळ्यात जास्त उघडायची. एकदा एका मालिकेच्या सेटवर वॉचमनचं काम करणारा नट आलाच नाही. आमच्या स्पॉटदादांपैकी एक जण मूळचा पोखऱ्याचा, दिग्दर्शकाने त्यालाच उभं केलं. वाक्य एकच, साहेबांना गाडी बाहेर लावायला सांगायचं. १५ वर्षं मुंबईत काढलेला माणूस, हिंदी तुमच्याआमच्यासारखंच. "असं नाही रे, जरा नेपाळ्यासारखं बोल." तो पुन्हा तसंच बोलला. तिसऱ्या टेकनंतर त्याला बाजूला केलं, तोच खाकी शर्ट लालबागच्या एका पोराच्या अंगावर गेला आणि 'शाब जी' पहिल्याच टेकला ओके झालं. पोखऱ्याचा तो नेपाळी चहाचे ग्लास गोळा करायला गेला.

'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला जवळपास ३० वर्षं हँक अझारिया या गोऱ्या नटाने आवाज दिला. टीका वाढली तेव्हा २०२०मध्ये त्याने ते काम सोडलं. तो तिकडचा लालबागचा पोर. १९८४च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'मध्ये तर भारतातल्या राजवाड्यात पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढलाय. (कुठल्या संस्थानात हा बेत असायचा, कुणाला ठाऊक असेल तर कळवावं.) सरकारने इथे चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, तर ते श्रीलंकेत केलं, पडद्यावर मात्र भारतच. त्यातला क्रूर पुजारी म्हणजे आपले अमरीश पुरी!

लेखकाने परदेशी वाहिन्यांना निषेधाची पत्रं पाठवायला सुचवलंय. जरूर पाठवावीत, पण एकेक प्रत अंधेरीला, आपल्या मालिकावाल्यांनाही टाकावी.

मंगळयानाच्या वेळी, २०१४मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये व्यंगचित्र आलं होतं: आत सुटाबुटातले साहेब बसलेत आणि पागोटंवाला शेतकरी गाय घेऊन अंतराळ क्लबचं दार ठोठावतोय. पुढे त्या वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. माझी नजर सवयीने आधी पागोट्यावर गेली. म्हटलं, यांच्याकडेही पेटी आहे. त्याच सुमारास इस्रोतल्या बायकांचा फोटो जगभर फिरला होता. काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, मनमोकळं हसताहेत. आमच्याकडे हा कपडा 'आई – मद्रासी' लिहिलेल्या पेटीत असायचा. 'शास्त्रज्ञ' लिहिलेल्या पेटीत पांढरा कोट आणि चष्मा. तोही बिनकाचेचा.

– एक निवृत्त ड्रेसदादा, गोरेगाव (पूर्व), मुंबई