बजरीगरांचे रंग आणि नागपूरचा उन्हाळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घरबसल्या कमाईच्या सदरात लव्हबर्ड पाळण्याचा सल्ला वाचला. मार्चमध्ये जोडी आणा, गॅलरीत मटका टांगा, तीन महिन्यांत रंगीबेरंगी पिल्ले विक्रीला तयार, असा त्याचा सारांश. पक्ष्याचे नाव, महिना, मटका आणि रंग, चारही ठिकाणी तो चुकला आहे.

नावाचे लवकर उरकतो. दुकानात लव्हबर्ड म्हणून जो दाखवतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. बजरीगर ऑस्ट्रेलियातला, लांब शेपटीचा छोटा पोपट. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली तो जिवंत इंग्लंडला नेला. बाजारात त्याला 'बजरी' म्हणतात, पण नावाचा बाजरीशी संबंध नाही, ते ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. बाजरी तो आवडीने खातो, हा योगायोग. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, बजरीगराला तशी बंदी नाही. लेखात निदान एवढे तरी यायला हवे होते.

महिन्याची चूक सगळ्यात महाग पडते. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. अंडे साधारण १८ दिवसांनी फुटते, पिल्लू अंडी घालण्याच्या लाकडी पेटीबाहेर यायला त्यापुढे ३० ते ३५ दिवस, आणि दाणा स्वतः सोलून खायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. मार्चअखेर जोडी लावली तर पिल्ले निघतात मे लागताना आणि त्यांना पिसे फुटतात ती ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत. नागपुरात तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. कवचाच्या छिद्रांतून अंड्यातले पाणी उडत राहते. ते प्रमाणाबाहेर उडाले की आतला पातळ पापुद्रा चिवट होतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच मरते. असे अंडे उघडून पाहावे: पिल्लू पुरते तयार, चोच पापुद्र्याला टेकलेली, पापुद्रा अंगाला चिकटलेला. दोष मात्र मादीला लागतो, की तिने नीट उबवले नाही. टिनाच्या शेडखाली तर पेटीतच ४० अंशांच्या वर तापते. मग मादी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून फाकवून भोकाशी येऊन बसते, आणि अंडी आत शिजतात.

कूलर आहे ना, असे कोणी म्हणेल. कूलरने खोली गार होते आणि थोडा ओलावाही येतो, पण समोरची खिडकी बंद असेल तर दोन दिवसांत खोली कोंदटते आणि दाण्याला बुरशी धरते. झोत थेट पिंजऱ्यावर तर कधीच नको. उन्हाळ्यात कूलर पक्षी जगवण्यापुरता. वीण त्याच्या भरवशावर घेऊ नये. पावसाळ्यात दाणा आणि भुसा दोन्ही दमट होतात, तेव्हाही नको.

इथले वेळापत्रक सणांवर बरोबर बसते. पोळ्यापर्यंत नर-मादी वेगळे, दसऱ्याला जोड्या, होळीआधी पेट्या उतरवलेल्या. दसऱ्याला जोडी एका पिंजऱ्यात सोडावी, पेटी आठवड्याने लावावी. पहिले अंडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, पहिली पिल्ले नाताळाच्या सुमारास बाहेर पडतात, दुसरी वीण फेब्रुवारीअखेर संपते. जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, त्यासाठी पिंजऱ्याच्या तीन बाजूंनी गोणपाट पुरते. तिसरी वीण घेऊ नये. मादीच्या हाडांतला कॅल्शियम संपलेला असतो आणि अंडे अडकते: ती पिसे फुगवून तळाशी बसते, शेपटी श्वासागणिक वरखाली होते, पोटाखाली गाठ हाताला लागते. अशा वेळी तिला ३० अंशांच्या आसपास ऊब द्यावी आणि तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. बोटाने अंडे दाबून काढायला गेले तर ते आत फुटते. मादी वर्षाची झाल्याशिवाय पेटी लावू नये, हेही यासाठीच.

मटका स्वस्त आहे आणि थंडही राहतो, त्यात वाद नाही. पण त्यात रोज डोकावता येत नाही, खरवडून साफ करता येत नाही, आणि तळ गुळगुळीत असल्याने पिल्लांचे पाय बाजूला फाकतात. फाकलेले पाय दुसऱ्या आठवड्याच्या आत मऊ पट्टीने एकमेकांपासून नैसर्गिक अंतरावर बांधले तर सुधारतात, पुढे जन्माचे अधू. लाकडी पेटी २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच. एका टोकाला वरच्या बाजूस साडेचार-पाच सेंटिमीटरचे भोक आणि दुसऱ्या टोकाला तळाच्या फळीत कोरलेला उथळ खळगा. भोक आणि खळगा समोरासमोरच्या टोकांना हवेत, कारण आत उडी मारणारी मादी भोकाखालच्या अंड्यांवरच पडते. खळग्यात मूठभर जाड लाकडी भुसा. बारीक भुकटी पिल्लांच्या नाकात जाते. पेटीचे झाकण रोज उघडावे. तीन गोष्टी बघायच्या: पोटात दाणे आहेत का, बोटांना विष्ठेचा गोळा घट्ट बसला आहे का, आणि चोचीच्या वरच्या पात्याखाली अन्न साचले आहे का. ही शेवटची बाब फार जण बघत नाहीत. साचलेले अन्न वाळते, वरचे पाते नीट वाढत नाही आणि खालचे पुढे निघते. काडेपेटीच्या काडीचे बोथट टोक ओले करून ते काढायला अर्धा मिनिट लागतो. राहिले तर तो पक्षी प्रदर्शनातून कायमचा बाद.

दाणा म्हणून राळा, बाजरी आणि थोडे सोललेले ओट. राळा इतवारीच्या धान्य बाजारात सुटा घ्यावा, मुठीत घेऊन वास घ्यावा, कुबट असेल तर परत. पिल्ले असताना उकडलेले अंडे पावाच्या चुऱ्यात कुस्करून, मोड आलेली मटकी, पालक, मेथी. अंडे दोन तासांत उचलावे. समुद्रफेस बारा महिने टांगलेला असावा.

आता रंग, आणि लेखाने सगळ्यात मोठी थाप मारली ती इथे. 'निळा नर आणि पिवळी मादी ठेवली की दोन्ही रंग मिळतात,' असे छापले आहे. रंग मिसळत नाहीत, त्यांचा हिशेब असतो. रानातला बजरीगर हिरवा. हिरवा म्हणजे पिवळे रंगद्रव्य आणि पिसाच्या रचनेतून दिसणारा निळा, दोन्ही एकत्र. पिवळे गेले की पक्षी निळा दिसतो, काळे गेले की पिवळा. निळा अप्रभावी आहे: हिरवा आणि निळा लावले तर सगळी पिल्ले हिरवीच, पण पोटात निळा घेऊन फिरणारी. त्यांना स्प्लिट म्हणतात. दोन स्प्लिट एकत्र आले की चारात एक निळा. 'चारात एक' म्हणजे प्रत्येक अंड्यामागे तेवढी शक्यता. चार अंड्यांत एक ठरलेलाच, असे नव्हे. नर स्प्लिट आहे का हे बघायचे तर त्याला निळी मादी द्यावी. स्प्लिट असेल तर सरासरी निम्मी पिल्ले निळी. स्प्लिट असूनही सहाच्या सहा हिरवी निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक असते. दुकानदाराच्या 'स्प्लिट आहे साहेब' या शब्दापेक्षा ही परीक्षा खात्रीची.

गडद रंगाचे वेगळे. तो घटक एक मात्रा असला की फिका हिरवा गडद हिरवा होतो, दोन मात्रांत ऑलिव्ह. निळ्यात हाच क्रम आकाशी, कोबाल्ट (गडद निळा), मोव्ह (करडट जांभळा). कोबाल्टवर कोबाल्ट लावून सगळे कोबाल्ट मिळत नाहीत, निम्मेच मिळतात; आकाशीवर मोव्ह लावले तर सगळे कोबाल्ट.

लाल डोळ्यांचा पिवळा ल्युटिनो आणि पांढरा अल्बिनो हे लिंगाशी जोडलेले रंग, सिनॅमन (काळ्याऐवजी तपकिरी रेघांचा) आणि ओपालाइन (मान-पाठीवरच्या रेघा पुसट असलेला) हेही तसेच. पक्ष्यांत लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रे नराकडे सारखी आणि मादीकडे वेगवेगळी, म्हणजे माणसाच्या उलट. त्यामुळे मादी या रंगांची स्प्लिट असूच शकत नाही; आहे तर दिसते, दिसत नाही तर नाही. ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावली तर सगळ्या माद्या ल्युटिनो, सगळे नर हिरवे स्प्लिट. पिसे फुटताच कोण नर, कोण मादी हे कळते. जोडी उलटी लावली, म्हणजे ल्युटिनो मादीला साधा हिरवा नर दिला, तर एकही ल्युटिनो दिसणार नाही. हे न कळल्याने किती चांगले स्प्लिट नर 'साधे हिरवे' म्हणून पन्नास-शंभर रुपयांत गेले असतील!

सध्या 'रेनबो' नावाला मोठा भाव आहे. रेनबो ही वेगळी जात नाही. निळा, पिवळा चेहरा, ओपालाइन आणि फिकट पंखांचा क्लिअरविंग या चारांची ती जुळणी. त्यांतले निळा आणि क्लिअरविंग अप्रभावी. म्हणून महागडा रेनबो नर आणून घरच्या हिरव्या मादीला लावला तर पहिल्या पिढीत एकही रेनबो येत नाही: माद्या हिरव्या ओपालाइन, नर दिसायला साधे हिरवे. पुढच्या पिढीत तो रंग परत गोळा करायला नोंदी हव्यात, आणि अनेक जोड्या एकत्र ठेवलेल्या मटक्यांच्या कॉलनीत नोंदी शक्य नाहीत. तिथे कोणती मादी कोणत्या नराला भेटली याचा पत्ता नसतो, आणि माद्या मटक्यासाठी एकमेकींची पिल्ले मारतात ते वेगळेच. एका जोडीला एक पिंजरा, ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा. अंड्यावर मऊ पेन्सिलने तारीख. पाचव्या-सहाव्या दिवशी टॉर्चवर धरले की, अंडे फळलेले असेल तर, लाल शिरांचे जाळे दिसते. सहा ते आठ दिवसांच्या पिल्लाच्या पायात बंद कडी, म्हणजे जोड नसलेले क्रमांकाचे वळे: पुढची दोन बोटे जुळवून कडी मागे सरकवायची आणि मागची बोटे काडीने हळूच सोडवायची. दोन दिवस आधी घातली तर गळते, उशीर झाला तर जात नाही. कडीचा क्रमांक, आईबाप, तारीख, रंग हे वहीत. मोबाइलमध्येही चालेल, पण वही हरवत नाही.

रंग दोन-तीन विणींत हाती येतो, दर्जाला पाच-सहा वर्षे लागतात. ब्रिटनच्या बजरीगर सोसायटीची स्थापना १९२५ ची. तिच्या मानकात आदर्श पक्षी साडेआठ इंच लांब, डोके रुंद आणि भरीव, गळ्याखाली सहा मोठे गोल ठिपके, त्यांतले कडेचे दोन गालाच्या डागाखाली थोडे झाकलेले, बसण्याचा कोन उभ्या रेषेपासून ३० अंश. दुकानातला हलका बजरीगर यात बसत नाही, त्याचा रंग कितीही दुर्मीळ असो. दर्जा मिळवायचा तर एकच दोष असलेले दोन पक्षी एकत्र लावू नयेत. नराचे डोके अरुंद असेल तर मादीचे रुंद हवे. ल्युटिनोवर ल्युटिनो पिढ्यान्‌पिढ्या लावणारे रंग राखतात, आकार गमावतात. दर दुसऱ्या पिढीला भरदार हिरवा आणावा. सख्खे भाऊबहीण नकोत, आजोबा-नात चालते. लांब, दाट पिसांचा पक्षी डोक्याने मोठा दिसतो, पण तशाच पिसाची जोडीदार दिली तर गुदद्वाराभोवतीची पिसे मीलनाच्या आड येतात आणि अंडी रिकामी निघतात. जोडी लावण्यापूर्वी दोघांचीही ती पिसे बोथट कात्रीने आखूड करावीत. मादीला वांझ ठरवण्याआधी इतके तरी बघावे.

विकत घेताना नाकावरची कातडी बघावी: मोठ्या नराची निळी, मादीची तपकिरी, ल्युटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाइड (अप्रभावी चट्टेरी रंगाच्या) नराची मात्र गुलाबी-जांभळीच राहते, तिथे फसगत होते. कपाळापर्यंत आडव्या रेघा म्हणजे पिल्लू, तीन-चार महिन्यांपेक्षा लहान. चोचीच्या कडेला पांढरी खवल्यासारखी साय म्हणजे किडीचा त्रास. औषधाने बरा होतो, पण बाकी पक्ष्यांत सोडू नये. पंखांची लांब पिसे गळून जमिनीवर पळणारे पिल्लू, ज्याला रनर म्हणतात, ते फ्रेंच मोल्टचे असू शकते. तो विषाणूचा रोग आहे. त्या घरची एकही जोडी आणू नये. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत. पक्षीदुकानांना २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी लागते, पावती मागावी. शंका आली तर सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यक महाविद्यालय शहरातच आहे.

लेख वाचून ज्यांनी जोडी आणली पण मटका अजून रिकामा आहे, त्यांनी तो आजच उतरवावा आणि नर-मादी दोन पिंजऱ्यांत करावेत. अंडी आली असतील तर ती फेकू नयेत. मटका गॅलरीतून आतल्या, उन्हाच्या विरुद्ध भिंतीवर घ्यावा. पिंजऱ्यात अंघोळीला पसरट भांडे ठेवावे, म्हणजे मादी ओल्या पोटाने अंड्यांवर बसते आणि कवचाला हवा तेवढा ओलावा आपोआप मिळतो. शेवटचे पिल्लू बाहेर आले त्याच दिवशी मटका काढावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मादी तोवर पुढचे अंडे घालून मोकळी होते.

आपले,
काही बजरीगरपालक, नागपूर