वांगारट्टाच्या क्लबची दखल हवी होती

महोदय,

ऑस्ट्रेलियन फुटबॉलवरील आपल्या लेखात मेलबर्नच्या धनाढ्य क्लबांचीच माहिती आली. ग्रामीण क्लबांचा त्यात उल्लेखही नाही, हे खटकले. व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येकडील वांगारट्टा गावातील 'वांगारट्टा रोव्हर्स' या क्लबचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हा क्लब १९५० साली 'ओव्हन्स अँड मरे' या ग्रामीण भागातील लीगमध्ये आला, परंतु त्याचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले ते १९५६ मध्ये, जेव्हा मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबच्या १९५३ च्या विजेत्या संघातील बॉब रोझ हा ऐन उमेदीतला खेळाडू महानगरातील खेळ सोडून खेळाडू-प्रशिक्षक म्हणून तेथे दाखल झाला. त्याच्या कारकिर्दीत १९५८ आणि १९६० ची अजिंक्यपदे मिळाली. पुढे तो कॉलिंगवूडचा प्रशिक्षक म्हणून परतला, तरी रोव्हर्सची घडी विस्कटली नाही. १९७१ ते १९७९ या नऊ हंगामांत त्यांनी तब्बल सात अजिंक्यपदे पटकावली. एका मोठ्या खेळाडूच्या जोरावर क्लब चालतो, या समजाला हा दशकभराचा हिशेब छेद देतो, असे माझे मत आहे.

अशा ग्रामीण क्लबांच्या मैदानांवर सीमारेषेला लागून मोटारी उभ्या असतात, गोल झाला की त्यांचे हॉर्न वाजतात, आणि शेजारीच नेटबॉलचे सामने चालतात. (स्टेडियमच्या महागड्या तिकिटापेक्षा हे मला कधीही अधिक रुचेल.) पुढील लेखात या क्लबांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मेलबर्न