माश्यांची पेज शिजवणाऱ्याचे पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘योग्य आहाराने डीएनए बदलतो’ असा मथळा वाचला. खाली फळमाशीवरच्या प्रयोगाचा दाखला होता. मी कोणी शास्त्रज्ञ नव्हे. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ३१ वर्षे प्रयोगशाळा सहाय्यक होतो आणि या माश्यांना खायला घालणे हे माझे काम होते. मक्याचे पीठ, गूळ, घट्टपणासाठी अगर-अगर आणि यीस्ट शिजवायचे, जरा निवल्यावर बुरशी धरू नये म्हणून थोडे प्रोपिऑनिक आम्ल घालायचे आणि घट्ट होण्याआधी बाटल्यांत ओतायचे. विभागात सगळे त्याला ‘माश्यांची पेज’ म्हणत. गोव्यात हे ऐकले की कोणालाही मासेच आठवणार. एका नव्या शिपायाने बरोबर सोलकढी आहे का म्हणून विचारले होते. तर पेजेपुरते बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आधी फोटोबद्दल. तुम्ही छापलेली माशी मानकुराद आंब्याला भोक पाडून आत अंडी घालणारी. बागायतदार तिलाच फळमाशी म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला निराळ्या कुळातली, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. काजूच्या मोसमात बोंडू मळायच्या कोळंबीभोवती, म्हणजे दगडी कुंडाभोवती, अशीच चिलटे घोंघावतात. तिला ताज्या फळाचे अप्रूप नाही, आंबायला लागलेल्या रसातले यीस्ट तिला हवे असते.

आता मथळा. आहाराने माशीच्या डीएनएतली अक्षरे बदलत नाहीत. त्या डीएनएची प्रत पेशी काढायला घेईल की नाही आणि किती वेळा काढील, एवढे मात्र आहारावर ठरते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीच्या बऱ्याचशा पेशी थांबून राहिलेल्या असतात. तिला नुसत्या साखरपाण्यावर ठेवा. ती काही दिवस जगेल, वळवळेल, पण वाढणार नाही आणि त्या पेशी जाग्या होणार नाहीत. यीस्टमधली प्रथिने पोटात गेली की काम सुरू. १९९८ साली अमेरिकेत ब्रिटन आणि एडगर या दोन शास्त्रज्ञांनी हे नीट दाखवून दिले. जेवण आल्याची वर्दी मेंदूतल्या पेशींना आधी अळीच्या चरबीकडून मिळते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले.

मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. खाऊन वाढू लागलेल्या अळीची मध्येच उपासमार केली, तर तिची लाळग्रंथी, आतडे आणि चरबी इथल्या पेशी डीएनएच्या प्रती काढायचे थांबवतात. मेंदूच्या मूळपेशी आणि पुढे पंख-पाय होणाऱ्या पेशी मात्र विभागत राहतात. जे अवयव कोशात मोडीतच निघायचे आहेत त्यांनी उपास धरायचा आणि उद्याच्या माशीच्या ताटात असेल नसेल ते वाढायचे. आमच्या आईने पावसाळ्यात नेमके हेच केलेले मी पाहिले आहे.

लाळग्रंथीचा अनुभव तर माझ्या हातचा आहे. तिथल्या पेशी वाढत्या अळीत विभागत नाहीत, नुसत्या प्रती काढत राहतात. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ प्रती, सगळ्या एकमेकींना चिकटून. म्हणून तर ती गुणसूत्रे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांची दिसतात. एका वर्षी यीस्ट वेळेवर आले नाही. ‘गूळ आहे ना, मग भागवा,’ असे वरून उत्तर मिळाले. मी भागवले. परीक्षेच्या दिवशी टी.वाय.ची (शेवटच्या वर्षाची) मुले ग्रंथीला ऑर्सिनचा रंग लावून ती काचेखाली दाबून पसरतात तर काय, गुणसूत्रे सुताएवढी बारीक आणि पट्टे कोणालाच मोजता येईनात. बाहेरून आलेले परीक्षक मुलांच्या हाताला नावे ठेवत होते. दोष माझ्या पेजेचा होता, पण तिथे बोलायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, यीस्ट मागून आणले, बाटलीत अळ्या मोजक्याच ठेवल्या, बाटल्या खोलीच्या थंड कोपऱ्यात हलवल्या. पुढच्या खेपेला गुणसूत्रे दोरीसारखी जाडजूड! मुलांची परीक्षा तोवर होऊन गेली होती.

हे सगळे लिहायला बसलो त्याचे कारण घरचेच. तुमचा मजकूर वाचून सुनेने नातवासाठी प्रोटीन पावडरीचा महागडा डबा आणला. ‘बाबा, डीएनएला चांगली असते म्हणे.’ मी म्हटले, ‘बाय, ती गोष्ट चार दिवसांच्या अळीची. तुझा मुलगा दोन वेळा बांगड्याचे हुमण ओरपतो, त्याच्या पेशी कशाला थांबल्यात?’ तिने ऐकून घेतले. डबा अजून फ्रीजवर आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि मथळ्यातला ‘बदलतो’ हा शब्द मागे घ्यावा, ही विनंती. फोटो ड्रोसोफिलाचाच हवा असेल तर तो कुठल्याही कॉलेजात मिळेल. लाळग्रंथीच्या गुणसूत्रांची एक जुनी स्लाईड माझ्याकडेही आहे. रंग उडालाय, पण पट्टे मोजता येतात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक,
फोंडा